बकुळवण्याची निवांत वाट

पुणे, २० मार्च २०२५

दर्शनाबाई,

शिमग्याहून परतले ती पायाला फोड आणि बसलेला घसा घेऊन, तरी बॅग उघडायच्या आधी तुला लिहायला बसले आहे. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय, कारण तू मोबाईल शमिकेला अभ्यासाला देतेस आणि ती पोरगी अभ्यास सोडून आईचे मेसेज वाचते. विषय तिचाच आहे, तेव्हा आपलं कागद-पाकीटच बरं.

आमच्या ऑफिसला रत्नागिरीचं काम मिळालंय हे तुला माहीत आहे. मांडवीपासून नाचणे, कुवारबाव आणि भोवतालची गावं सायकलीसाठी जोडायची, पण मोठ्या रस्त्यांना न लागता. आतल्या गल्ल्या, पाणंदी, जिथे गाड्या कमी आणि हळू, अशा वाटा हुडकून त्या एकमेकींना जोडायच्या. आमचे शुभंकर सर तिला 'निवांत वाट' म्हणतात. कसोटी एकच: आई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तिथून एकटीला पाठवील का? पाठवील तर रेघ ठेवायची, नाहीतर खोडायची. शहराचं जमलं, पण आपल्या बकुळवण्यापाशी येऊन घोडं पेंड खात होतं. गावातून नाचण्याला यायचं तर हायवे चुकत नाही, आणि चौपदरी झाल्यापासून तिथे ट्रेलर कसे सुटतात ते तू रोज बघतेस.

आणि गंमत बघ. परवा पालखीबरोबर फिरत होते. आमचे रघूकाका मानकरी म्हणून सगळ्यात पुढे, छाती काढून. देवळापासून वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी, आणि तिथून पालखी टेकते त्या सहाणेवर. मला एकदम लख्ख दिसलं की अगं, वाट तर तयारच आहे! पालखी नाचवत न्यायची म्हणून ही वाट कोणी कधी अडवलेली नाही. कोणाचा दगडी गडगा पुढे सरकलेला नाही, कोणी गाडी लावत नाही, चढही बेताचा. चौघे जण खांद्यावर पालखी घेऊन नाचत जातात तिथून सायकल काय मजेत जाईल! आणि सहाणेपासून नाचण्याचा जुना रस्ता हाकेच्या अंतरावर.

सरांना नकाशा दाखवला. ते खूश. मी त्याखाली लिहिलंय, 'या वाटेने गावातलं एकही घर सुटत नाही.' नकाशा सोबत जोडलाय. शमिका जूनमध्ये आठवीला नाचण्याच्या हायस्कुलात जाणार आणि सकाळची एसटी बंद झाली म्हणून तू रडकुंडीला आली होतीस ना? पूस डोळे. तिला सायकल घे, आणि रंग तिलाच निवडू दे.

तुझी
श्रुती


बकुळवणे, २९ मार्च २०२५

प्रिय श्रुती, जय भीम.

पत्र मिळालं. मुख्याध्यापकांनी 'पुण्याहून पत्र! काय बदली की काय?' म्हणत सगळ्यांसमोर हातात दिलं. नकाशा पाहिला. सुंदर काढलाय. रंग छान आहेत.

आमच्याकडे सध्या परीक्षांची घाई. सातवीच्या वर्गात शमिका माझीच विद्यार्थिनी असल्याने तिला मी घरी ओरडते आणि शाळेत अहो-जाहो करायचं सोडून बाकी सगळं करते. पोरगी हुशार आहे हे आई म्हणून नाही, बाई म्हणून सांगते.

तिचं जूनचं ठरलं. अमरदीप तिला मुंबईला आपल्याकडे नेणार, बापाजवळ राहील म्हणतो. त्याच्या कंपनीच्या जवळच शाळा आहे, नणंद शेजारच्या इमारतीत राहते, जेवणाखाण्याची सोय होईल. त्याचा चुलतभाऊ शिवा गेल्या वर्षी हायवेला ट्रेलरखाली येता येता वाचला आणि पाय कायमचा आखडून बसला, तेव्हापासून अमरदीप हायवेचं नाव काढू देत नाही. त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही. मी इथली नोकरी सोडून जाऊ शकत नाही, सासूबाई अंथरुणावर आहेत. तेव्हा ती जाईल, मी राहीन. सुट्टीत येईलच.

तू तुझ्या कामात जप. उन्हं फार आहेत.

तुझी
दर्शना


पुणे, ५ एप्रिल २०२५

दर्शने,

हे काय पत्र लिहिलंस? 'रंग छान आहेत'? मी काय भिंतीला रंग दिला होता?

मी इकडे तुझ्या मुलीसाठी शाळेच्या दारापर्यंत वाट काढून देतेय आणि तू तिकडे पोरीची बॅग भरतेस! तुला मी कॉलेजपासून ओळखते. तू मनातून हरलीस की असं गुळगुळीत लिहितेस. सासूबाई, नणंद, अमरदीप, सगळ्यांचं बरोबर, आणि तुझं? तेरा वर्षांची पोर आईवेगळी राहणार, का, तर नवऱ्याला वाद नको! हायवेला अमरदीप नको म्हणतो ना, मग हायवे आहे कुठे या वाटेवर? नकाशा त्याला दाखवलास का? का तुलाच माझ्यावर भरवसा नाही? उंटावरून शेळ्या हाकते असं वाटत असेल तर तसं लिही, मला चालेल. पण लिही.

मेच्या पहिल्या आठवड्यात नकाशा नगरपालिकेकडे जाणार. त्याआधी काय बदल हवा तर सांग. मला तुझा राग आलाय, हेही सांगून ठेवते.

श्रुती


बकुळवणे, ११ एप्रिल २०२५

श्रुती,

लिही म्हणालीस, तर लिहिते.

तुझ्या नकाशाखालची ओळ पुन्हा वाच. 'एकही घर सुटत नाही.' आता त्यावर बोट ठेवून माझं घर शोध, माहेरचं नाहीतर सासरचं, दोन्ही एकाच वाडीतली.

पालखी आमच्याकडे येत नाही, श्रुती. सत्तावन्न सालापासून येत नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला आणि देवीला हात जोडून सांगितलं की आता तुझी माझी वाट वेगळी. त्याआधी यायची ती तरी वेशीवरूनच परत फिरायची. तेव्हा त्यात रडण्यासारखं काही नाही आणि पालखी आमच्याकडे यावी अशी माझी इच्छाही नाही. पण तू पालखीच्या मागे मागे जाऊन गाव काढलंस, म्हणून आमची वाडी गावात आलीच नाही. नकाशावर आमच्या जागी तू हिरवा रंग दिलायस. बहुतेक झाडी. रंग छान आहेत म्हटलं ते यासाठी.

आमची वाडी वहाळाच्या पाण्याअलीकडे, हायवेला चिकटून. पालखीची वाट वहाळाच्या पलीकडे. मधे तुझ्या रघूकाकांची आंब्या-काजूची बाग, तिला छातीएवढा गडगा आणि वर तार. तुझ्या निवांत वाटेवर यायला शमिकेला आधी सबंध हायवेने जावं लागेल. म्हणजे जिथे शिवाचा पाय गेला, तिथूनच. हे मी अमरदीपला कुठल्या तोंडाने दाखवू?

पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू फार आनंदात होतीस. आणि खरं सांगायचं तर मला लिहायचा कंटाळा आला. दर वेळी आपणच सांगायचं, की आम्ही पण इथे राहतो. माझी मुलगी माझ्यापासून जाणार याने माझा जीव तुटतोय. रोज रात्री तिच्या केसांना तेल लावताना वाटतं, हे जूनपासून नाही. मी हरले म्हणून गुळगुळीत लिहिलं नाही. रडू आवरून लिहिलं की माझं अक्षर आपोआप गुळगुळीत होतं.

तीन दिवसांवर जयंती आलीय. मिरवणुकीची गडबड. वाडीतल्या बायकांना लेझीम शिकवतेय, माझ्यासारख्या दोन डाव्या पायांच्या बाईने.

दर्शना


पुणे, १९ एप्रिल २०२५

दर्शना,

तुझं पत्र वाचून नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. तुझ्या घरी मी किती वेळा जेवलेय! तुझ्या आईच्या हातची सुकटीची चटणी माझ्या लक्षात आणि घर नाही. आता माफी वगैरे लिहीत बसत नाही, त्याने वाट होत नाही. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'जोडल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही.'

म्हणून रघूकाकांना फोन केला. बागेच्या कडेने, वहाळाकाठाने एक पट्टी सोडायची, गडग्याला ये-जा करायला एक बेडं ठेवायचं, वहाळावर छोटा पूल, आपला साकव. एवढंच. ऐकून घेतलं. आंबे चोरीला जातील म्हणाले. एकदा सरकारी रेघ पडली की उद्या डांबर आणि परवा ट्रक येतील म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत! ऐकतेस का? नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, 'पालखीच्या वाटंला आजवर फांदी फुटली नाय. मी कोन फोडनार? अक्षय्य तृतीयेला देवीला कौल लावतंय. ती हो म्हनली तर माजी ना नाय.'

कौल लावायचा म्हणजे देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं, एवढंच. मला तर हसूच आलं. नगरपालिकेचा ना-हरकत दाखला मिळून जाईल आणि देवीचा प्रलंबित! पण रघूकाकांच्या हातून सहसा उजवाच पडतो. घरातल्या लग्नांना कधी डावा पडलेला नाही. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे, तिथे ठराव करून टाकू. शमिका कुठे जात नाही. तू फक्त तोवर गप्प राहा. तुला ते जमतं असं मी ऐकलंय.

तुझी
श्रुती


बकुळवणे, २३ एप्रिल २०२५

श्रुती,

मी गप्प राहणार नाही.

माझ्या मुलीने शाळेत जावं की नाही हे तुमची देवी ठरवणार? ज्या देवीला माझ्या आजोबांनी हात जोडून निरोप दिला, तिच्या पाकळीकडे मी आता टक लावून बसू? डावी पडली तर नशीब म्हणू? आणि उजवी पडली तर काय, जन्मभर उपकार? पुढच्या वर्षी काकांच्या आंब्याला मोहोर आला नाही की म्हणतील, वाट दिली म्हणून देवी कोपली. पुन्हा कौल, आणि पुन्हा गडगा.

उजवा कौल पडला तरी ती वाट मला नको. नीट वाच. उजवा पडला तरी.

तुझ्या काकांवर माझा राग नाही. देवभोळा माणूस आहे, कोणाचं वाईट करणार नाही. पण रस्ता ही देवाची गोष्ट नाही. तो ग्रामपंचायतीचा, आणि मी तिथली मतदार. ग्रामसभेत मी स्वतः उभी राहून मागणार आहे. मिळाली तर हक्काने मिळू दे, नाहीतर मिळू नये.

अमरदीपने जूनची दोन तिकिटं काढली आहेत, एक त्याचं आणि एक शमिकेचं. सांगितलं तेव्हा ती मांजराला घेऊन पडवीत जाऊन बसली. तेव्हा मला काय पणाला लागलंय ते कळत नाही असं समजू नकोस.

दर्शना


पुणे, २६ एप्रिल २०२५

दर्शू,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, सभेआधी पोचावं म्हणून.

तुझं सगळं बरोबर आहे. पण मला भीती वाटते गं. भर सभेत तू उभी राहिलीस, रघूकाकांचा मान दुखावला आणि ते हट्टाला पेटले, तर वाटही जाईल आणि पोरही जाईल. एकदा नमतं घेतलंस तर काय बिघडेल? आधी शमिका तुझ्याजवळ राहू दे, तत्त्वाचं मग बघू. असं मी लिहितेय आणि लिहिताना मलाच लाज वाटतेय. तरी लिहितेय, कारण मला तुझी काळजी आहे.

काकांना फोन करून कौल रहित करा म्हटलं. म्हणाले, 'देवीचं काम तुज्या सांगन्यावरनं पुढं ढकलू?' फोन ठेवून दिला. काकी मागून काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही.

मला यायला जमत नाही, नकाशाची मुदत आहे. तू काय करशील ते कर. मी तुझ्या बाजूला आहे. आधी कुठे होते ते विचारू नकोस.

श्रुती


बकुळवणे, २ मे २०२५

श्रुते,

बस आधी. पाणी पी. मग वाच.

पहिली गोष्ट, कौल लागलाच नाही. अक्षय्य तृतीया म्हणजे लग्नाचा मुहूर्त, आणि तुमचे गुरव भाचीच्या लग्नाला सावर्ड्याला गेलेले. गुरवाशिवाय गाभाऱ्यात हात कोण लावणार? रघूकाका सोवळं नेसून देवळाच्या पायरीवर बसून होते म्हणे दुपारपर्यंत. मग घरी जाऊन झोपले.

काल ग्रामसभा. आमच्या वाडीतून आम्ही सगळ्या बायका गेलो, जयंतीला लेझीम खेळलो त्याच साड्या नेसून. हायवेने एका रांगेत. एका ट्रेलरवाल्याने असा हॉर्न मारला की माझं भाषण अर्धं तिथेच विसरले.

विषय निघाला. तुझे काका उठले आणि म्हणाले, 'कौल राहिलाय. देवीला इचारल्याबिगर ह्या सभेत बोलू नये. पुढच्या सभेला घेवा.' सरपंच माना डोलवायला लागले. पुढची सभा पंधरा ऑगस्टला. शमिकेचं तिकीट जूनचं.

मी उभी राहिले. मागे बसलेल्यांनी 'बाई, बसून बोला' म्हटलं, ते ऐकलं नाही. म्हटलं, 'देवीला तुम्ही जरूर विचारा, ती तुमची आहे. पण मी देवीकडे काही मागायला आलेली नाही. मी पंचायतीकडे मागते. या गावात मी मुलांना शिकवते. वरच्या वाडीतली, मधल्या वाडीतली, सगळी. माझी स्वतःची मुलगी सातवी झाली, आणि तिला आठवीला पाठवायला माझ्याकडे वाट नाही, म्हणून ती मुंबईला चालली. हायवेवर जीव मुठीत धरून चालणं हा तिच्या शिक्षणाचा खर्च असू नये.' एवढं झालं. पुढचं सगळं विसरले. पण खाली बसले नाही.

रघूकाका खाली बघत म्हणाले, 'तुमचं खरं हाय बाई. पन बागेतनं वाट द्यायची तर देवीला...'

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, 'बाग कुनाच्या नावावर हाय?'

तुझी कमलाकाकी! डोईवर पदर, मांडीवर नातू, उठलीसुद्धा नाही. बसूनच बोलली.

काका म्हणाले, 'आता ते कशाला?'

'कशाला म्हंजे? मुंबईच्या नोकरीच्या पैशातनं माज्या नावावर घेतलीवती ना? सरपंच, तुमीच सांगा, सातबाऱ्यावर कुनाचा नाव हाय?'

सरपंच म्हणाले, 'काकी, तुमचंच.'

'मंग देवीला इचारताव, गुरवाला हुडकताव, पुन्याच्या पोरीला फोन करताव. माला इचारलंत काय?'

सभा हसायला लागली. पहिल्यांदा बायका, मग पुरुष, आणि शेवटी काकासुद्धा मिशीतल्या मिशीत. पण काकी हसली नाही. नातवाला खांद्यावर घेऊन म्हणाली, 'ह्याला सुई टोचायला न्यायचा तर उपकेंद्र बौद्धवाडीत. माजी सून त्याला घेवन हायवेनं जाते आनि मी घरात देवासमोर बसतंय, ती परत येईस्तवर. ह्या बाईची पोर तिकडनं हिकडं येवक नाय पावत आनि माजा नातू हिकडनं तिकडं. वहाळावर साकव घाला. गडगा मी फोडतंय.'

ठराव झाला, श्रुती. एकमताने. रघूकाकांनीही हात वर केला, जरा उशिरा.

मला तिने काही दान दिलं असं मी म्हणणार नाही, आणि ती तसं समजतही नाही. बाहेर आल्यावर मी 'काकी, आभार' म्हटलं तर म्हणाली, 'कसले गो आभार, सुई मंगळवारी असते, त्याच्या आदी होयल काय बघ.' मी घरी येऊन सासूबाईंच्या पायाशी बसले आणि पोटभर रडले. त्यांना वाटलं मी ठराव हरले. त्या माझी समजूत घालत होत्या आणि मी हसतही होते.

पण अमरदीपचं अजून ठरत नाही. फोनवर फक्त 'बघू' म्हणाला.

तुझी
दर्शना


पुणे, १८ मे २०२५

माझे बाई,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. कमलाकाकीच्या वाक्यांना सरांनी टाळ्या वाजवल्या. मला काकी म्हणजे तांदळाच्या गोड बोरांचा डबा भरून देणारी एवढीच माहीत. फोनवर मागून काय म्हणत होती ते आता कळलं.

नकाशा बदलला. बौद्धवाडी, साकव, उपकेंद्र, सगळं आलं. आता बरोबर मध्यावर तुमची वाडी आहे आणि वाट तिथून दोन्हीकडे जाते. ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी काही लिहिलं नाही.

आता जरा वाईट. नगरपालिकेने तत्त्वतः मान्य केलं, पण गावाकडचा भाग पुढच्या टप्प्यात. म्हणजे पाट्या, खडी, साकव, सगळं पुढच्या वर्षी. पावसात वहाळ भरला की तिथून उतरता येणार नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि तेही पाण्यात. मी रोज फोन करतेय, पण कागद हलत नाही. शमिकेचं तिकीट अजून आहे का? हे विचारायला धीर होत नव्हता, म्हणून शेवटी विचारतेय.

श्रुती


बकुळवणे, २० जून २०२५

प्रिय श्रुती,

महिनाभर लिहिलं नाही. हात दुखत होते. शब्दशः दुखत होते, कारण आम्ही साकव घातला.

तुझं पत्र आलं तेव्हा मुंबईकर सगळे सुट्टीला गावात होते, दोन्हीकडचे. मी पत्र आमच्या वाडीत वाचून दाखवलं, कमलाकाकीने ते खालच्या वाडीत तोंडी पोचवलं. हायवेच्या कामातून उरलेले दोन लोखंडी गर्डर खालच्या वाडीच्या एका पोराच्या परसात पडून होते. पंचायतीने परवानगी दिली. आमच्या वाडीने पाया खोदला, त्यांच्याकडून फळ्या आल्या. गडग्याचा पहिला चिरा काकीने काढला, दुसरा काढायला गेली तर कंबर धरली आणि मग तिने दिवसभर बसून हुकूम सोडले. तार रघूकाकांनी स्वतः गुंडाळली. वळणावर चढ जास्त होता तिथे शिवाने माती ओढून दिली, तो आखडलेला पाय पसरून, बसल्या बसल्या. जेवण एकत्र झालं की नाही विचारशील, म्हणून सांगते. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी झालं. शेवटच्या दिवशी एकाच ठिकाणी झालं, कारण पाऊस आला आणि छप्पर एकच होतं. हेही नसे थोडके.

रघूकाकांनी नंतर एकट्याने कौल लावला म्हणे. काय पडलं विचारलं तर म्हणाले, 'देवी म्हनली, आदी बायकोला इचार.'

आता ऐक. अमरदीप शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आला. साकव बघितला, हाताने हलवून बघितला. शमिकेची सायकल आम्ही घेऊन ठेवली होती, जांभळी, तिनेच निवडलेली. सोमवारी सकाळी त्याने शिवाची जुनी सायकल काढली आणि म्हणाला, 'चल, मी मागं येतो. तू मागं बघायचं नाय.' पाऊस होता. दोघं रेनकोट घालून साकवावरून गेली. बागेत काकी फोडलेल्या गडग्याशी उभी होती, तिने हात केला. मग वळणापुढे दोघं मला दिसेनाशी झाली.

शाळेतून दोघं परत आली ती संध्याकाळी. अमरदीप तिच्या शाळेबाहेर दिवसभर टपरीवर बसून होता. आला तो पडवीत बसला, रेनकोटही काढला नाही. मी चहा दिला. मग म्हणाला, 'रस्त्यात एक रिक्षा आणि दोन म्हशी भेटल्या. बाकी कोन नाय.'

मी म्हटलं, 'मग?'

म्हणाला, 'मी बारा वर्षांचा होतो. सातवी झाली आणि बाबांनी मामाकडं मुंबईला धाडलं. मला वाटायचं, मी घरात नकोसा झालो म्हणून धाडलं. वाट नव्हती म्हणून धाडलं, हे मला आज कळलं.'

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. आत सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांनी त्याला हाक मारली, तो आत गेला, आणि मी दार ओढून घेतलं.

बुधवारी त्याला गाडीला सोडायला स्टेशनवर गेले. तिचं तिकीट त्याने रद्द केलं होतं, मला न सांगताच. डब्यात चढताना म्हणाला, 'गणपतीच्या सुट्टीत येतो. तिला म्हणावं ब्रेक तपासून घे.' गाडी गेली. कोणीतरी जाणार म्हणून तीन महिने दिवस मोजत होते, आणि ज्याला जायचंच होतं तेच माणूस गेलं.

घरी आले तर शमिका शाळेतून आलेली. दप्तर एकीकडे, ओले मोजे दुसरीकडे, ताटात भात आणि मांजर मांडीवर. मी समोर बसून तिच्याकडे बघत राहिले.

'काय बघतेस गो आये?' म्हणाली.

'काही नाही,' म्हटलं. 'जेव तू.'

तुझी
दर्शना